पहिला आकडा

१९१८ साली खेडा जिल्ह्यात सरकार आणि शेतकरी यांच्यात जो वाद पेटला, तो वरकरणी एका आकड्याचा होता. पीक चार आण्यांच्या वर की खाली? मुंबई इलाख्याच्या महसुली नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं असेल, तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण तहकूब करून मागण्याचा शेतकऱ्याला हक्क होता. सरकारी कागद म्हणत होते, चार आण्यांहून जास्त. शेतकरी म्हणत होते, कमी. भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर गावं फिरून पाहणी करून आले, गांधी आणि वल्लभभाई उतरले, आणि त्यातून सत्याग्रह उभा राहिला. इतिहासाच्या पुस्तकात ही निर्धाराची गोष्ट म्हणून येते, आणि ती तशी आहेच. पण महसूल खात्याच्या दारातून पाहिलं, तर शिवाराकडे बघून अंदाज बांधण्याची ही गोष्ट आहे. शेतात किती मण धान्य झालं, यावर भांडण नव्हतं. भांडण होतं ते चारच्या वर की चारच्या खाली एवढ्यावर.

त्या वादात दोन्ही बाजूंचे हितसंबंध उघड होते. सरकारला वसुली हवी होती, शेतकऱ्याला तहकुबी. तेव्हा सगळं खापर मनाच्या चकव्यावर फोडणं भाबडेपणाचं ठरेल. मला रस आहे तो प्रश्नाच्या घडणीत. ‘किती?’ असा मोकळा प्रश्न आणि ‘अमुकपेक्षा जास्त की कमी?’ असा प्रश्न, हे दोन्ही आपल्याला एकाच कामाचे वाटतात. दुसरा उलट सोपा वाटतो, कारण उत्तराला एक शब्द पुरतो. गेल्या पन्नास वर्षांतल्या प्रयोगांनी दाखवून दिलं ते असं, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन झाल्यावर पहिल्याचं उत्तर पूर्वीसारखं राहत नाही. मधल्या ‘अमुक’ने तोवर आपलं काम उरकलेलं असतं. या पुस्तकाचा विषय तो ‘अमुक’ आहे. मानसशास्त्रात त्याच्या करामतीला अँकरिंग म्हणतात.

गांधींना इतक्यात सोडत नाही, कारण या विषयातला एक गाजलेला प्रयोग त्यांच्यावरच बेतलेला आहे. फ्रिट्झ श्ट्राक आणि थोमास मुसवायलर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना विचारलं होतं, ‘महात्मा गांधी गेले तेव्हा त्यांचं वय नऊपेक्षा जास्त होतं की कमी?’ दुसऱ्या गटाला विचारलं, ‘१४० पेक्षा जास्त होतं की कमी?’ दोन्ही आकडे उघडउघड हास्यास्पद. नऊ वर्षांचं पोर राष्ट्रपिता होत नाही आणि १४० वर्षं कोणी जगत नाही, हे सांगायला अभ्यास लागत नाही. मग दोन्ही गटांना नेमकं वय सांगायला सांगितलं. पहिल्या गटाची सरासरी ५० च्या आसपास आली, दुसऱ्याची ६७ च्या. खरं वय ७८. सतरा वर्षांचा फरक पडला, आणि तो पाडणारे आकडे कोणी क्षणभरही खरे मानले नव्हते.

हा प्रयोग महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेत केला तर बहुधा फसेल. २ ऑक्टोबर १८६९ आणि ३० जानेवारी १९४८ या तारखा मुलांना पाठ असतात. ती सरळ वजाबाकी करतील. माहिती पक्की असेल तिथे परक्या आकड्याचं काही चालत नाही. त्याचं फावतं ते अर्धवट माहितीच्या पट्ट्यात. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर आगरकरांचं घ्यावं. ते आणि टिळक एकाच वर्षी, १८५६ साली जन्मले. आगरकर लवकर गेले, हे लहानपणापासून आपल्या कानावर असतं. पण किती लवकर? एका टेबलावर विचारा, ‘पंचविशीच्या आधी गेले की नंतर?’ दुसऱ्या टेबलावर विचारा, ‘साठीच्या आधी की नंतर?’ आणि मग दोन्हीकडे नेमकं वय लिहून घ्या. माझी खात्री आहे की दोन टेबलांवर दोन वेगवेगळे आगरकर निघतील. १८९५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा ३८ वर्षांचे होते.

या संशोधनाची सुरुवात साधारणपणे १९७४ पासून मोजतात. त्या वर्षी एमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांचा अनिश्चिततेतल्या निर्णयांवरचा निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यातला एक प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. जत्रेत असतं तसं एक चक्र. त्यावर शून्य ते शंभर आकडे. चक्र फिरवायचं, थांबेल तो आकडा लिहून घ्यायचा. मंडळींना ठाऊक नव्हतं ते एवढंच की चक्रात गोम होती. ते दहावर किंवा पासष्टवरच थांबायचं. आकडा लिहून झाला की विचारायचं, ‘संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण या आकड्यापेक्षा जास्त की कमी?’ आणि मग, ‘तुमच्या अंदाजाने नेमके किती टक्के?’ ज्यांच्यापुढे चक्र दहावर थांबलं, त्यांच्या अंदाजांतला मधला आकडा होता २५. ज्यांच्यापुढे पासष्टवर थांबलं, त्यांचा ४५. अचूक उत्तराला पैसे देऊ केले, तरी फरक हटला नाही. (आजचा हिशेब हवा असेल तर १९३ पैकी ५४, म्हणजे २८ टक्के.) चक्राला आफ्रिकेची काय खबर असणार? हे सर्वांना कळत होतं. कळत असूनही हात त्या बाजूला सरकला.

त्याच निबंधातला दुसरा प्रयोग तुम्ही घरच्या दोघांवर करू शकता. एकाला पाच सेकंदांत अंदाज करायला सांगायचं: आठ गुणिले सात गुणिले सहा, असं उतरत उतरत एकपर्यंत. दुसऱ्याला तेच उलट क्रमाने: एक गुणिले दोन गुणिले तीन, असं चढत आठपर्यंत. मूळ प्रयोगातल्या विद्यार्थ्यांपैकी उतरता क्रम दिलेल्यांचा मधला अंदाज आला २,२५०, आणि चढता क्रम दिलेल्यांचा ५१२. खरं उत्तर आहे ४०,३२०. इथे बाहेरून कोणी आकडा घुसडलेला नाही. सुरुवातीच्या दोन-तीन पायऱ्यांवर जे हाती लागलं, तेच मोजपट्टी झालं.

असं का होतं, यावर खुद्द त्या दोघांचं एकमत नव्हतं. ट्वर्स्कींचं म्हणणं, माणूस दिलेल्या आकड्यापासून निघतो, खऱ्या उत्तराच्या दिशेने सरकतो, आणि ‘एवढं पुरे’ वाटेल तिथे थांबतो. तो नेहमी लवकर थांबतो. कानेमन यांचा कल वेगळा होता. त्यांच्या मते सरकणं वगैरे काही नाही, आकडा कानावर पडताच मन त्याच्याशी जुळणाऱ्या गोष्टी आपोआप गोळा करू लागतं. ट्वर्स्की १९९६ साली गेले. पुढे २०११ च्या पुस्तकात कानेमन यांनी लिहिलं की दोघेही बरोबर होतो, दोन्ही गोष्टी घडतात. श्ट्राक आणि मुसवायलर यांच्या कामामुळे दुसऱ्या कल्पनेला बळ मिळालं. ‘१४० पेक्षा कमी?’ असं विचारल्यावर तुम्ही ‘अर्थात कमी’ म्हणता, पण ते म्हणण्यासाठी मनाला क्षणभर अतिवृद्ध गांधी उभे करावे लागतात: काठी, सुरकुत्या, बोळकं तोंड. नऊ म्हटल्यावर उभा राहतो तो पोरबंदरचा मुलगा. नेमकं वय सांगायची वेळ येते तेव्हा नुकतीच डोळ्यांपुढे आणलेली ही चित्रं सर्वांत आधी हाताला लागतात, आणि अंदाज त्यांच्यातूनच घडतो.

म्हणजे तुलनेचं माप माहिती बदलत नाही. असलेल्या माहितीतली कोणती वर यावी, हे ते ठरवतं.

इथवर ऐकून कोणाला वाटेल, मोठा आकडा दाखवला की अंदाज वाढतो आणि छोटा दाखवला की घटतो, संपला विषय. तसं असतं तर एवढं पुस्तक लागलं नसतं. माप कधी आपल्याकडे ओढतं, तर कधी चक्क दूर ढकलतं. सतराव्या शतकात जॉन लॉकने नोंदवून ठेवलं आहे की एक हात गरम आणि एक हात गार करून दोन्ही एकाच पाण्यात घातले, तर ते पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्याला ऊन लागतं. मुझफर शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली हेच वजनांवर करून पाहिलं. लोकांनी ५५ ते १४१ ग्रॅमची वजनं उचलायची आणि त्यांना एक ते सहा असे दर्जे द्यायचे. दर वेळी आधी एक ठरलेलं वजन हातात द्यायचं. ते मालिकेतल्या सर्वांत जड वजनाएवढं होतं तेव्हा बाकीची वजनंही जड भासू लागली. पण तुलनेचं वजन मालिकेच्या फार पलीकडे नेलं तेव्हा उलटं झालं. त्याच्यापुढे सगळी वजनं हलकी वाटू लागली.

मुसवायलर यांनी पुढे याची संगती अशी लावली: समोरची गोष्ट आणि माप यांच्यात आपण साम्य शोधत असू, तर अंदाज मापाकडे झुकतो, भेद शोधत असू, तर दूर जातो. कुठल्या वेळी मन साम्य शोधेल, हे बऱ्याचदा पहिल्या ओझरत्या नजरेत ठरून जातं. पाठोपाठ आणखी एक धागा आला. शेन फ्रेडरिक आणि डॅनियल मोचॉन यांनी २०१२ मध्ये मांडलं की काही वेळा वस्तूबद्दलचं आपलं मत बदलतच नाही, आकड्यांची पट्टी तेवढी ताणली किंवा आकसली जाते. एखाद्या छोट्या प्राण्याचं वजन आधी किलोत सांगून झालं की जिराफाचं वजनही कमी सांगितलं जातं. जिराफ लहान झालेला नसतो. शंभर किलो हा आकडा एकदम भारदस्त वाटू लागलेला असतो. या तिन्ही स्पष्टीकरणांची आपसात अजून झटापट चालू आहे. मला स्वतःला दुसरं सर्वांत जवळचं वाटतं, तरी तिसऱ्याला उडवून लावणं सोपं नाही.

मानसशास्त्रातल्या प्रयोगांची गेल्या दहा-पंधरा वर्षांत जी झाडाझडती झाली, तिचा उल्लेख इथेच करायला हवा, कारण या विषयावरची बरीच लोकप्रिय पुस्तकं तो टाळतात. अनेक नावाजलेले निष्कर्ष पुन्हा करून पाहिल्यावर विरून गेले. अँकरिंगचा गाभा मात्र टिकला. २०१४ साली जगभरच्या ३६ ठिकाणी तेरा जुने परिणाम एकाच पद्धतीने तपासले गेले. त्यात सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क अंतर, शिकागोची लोकसंख्या, एव्हरेस्टची उंची असे अंदाजाचे प्रश्न होते, आणि तिथे अँकरिंग मूळ अभ्यासाहूनही ठसठशीत निघालं. याउलट एमआयटीच्या विद्यार्थ्यांवरचा तो प्रसिद्ध प्रयोग घ्या. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक आधी लिहायला लावले, तर ज्यांचे अंक मोठे, ते कीबोर्डला आणि चॉकलेटला जास्त किंमत मोजायला तयार झाले. पुढे इतरांनी केलेल्या अशा प्रयोगांत हा परिणाम बराच फिका निघाला. आणि सुपाच्या डब्यांवर ‘एका ग्राहकाला बाराच’ अशी पाटी लावून खप वाढवल्याची गोष्ट, जी मार्केटिंगच्या प्रत्येक शिबिरात सांगितली जाते, ती या पुस्तकात सापडणार नाही. ते काम ज्या ब्रायन वॉन्सिंक यांचं, त्यांचे डझनाहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले आणि २०१९ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठ सोडलं. गोष्ट कितीही चटकदार असली तरी.

शिबिरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हा सगळा अभ्यास आपल्याकडे आला तो विक्रीची युक्ती म्हणून. खोडलेली एमआरपी, ‘फ्लॅट ६० टक्के’, मेन्यू कार्डावर वरच्या ओळीत एक अवाच्या सवा महाग पदार्थ. हे सगळं खरं आहे आणि त्यात फार काही शिकण्यासारखं नाही. दुकानदार हे मानसशास्त्राच्या आधीपासून करत आले आहेत. ग्राहकाला तिथे निदान ठाऊक असतं की समोरचा आपल्याला गुंडाळायला बसला आहे. मला जास्त काळजी वाटते ती अशा जागांची, जिथे कोणी कोणाला फसवत नाही, आणि पहिला आकडा रीतसर, सही-शिक्क्यानिशी येतो.

आधी जाणकारांचं पाहू. १९८७ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसान शहरात ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी घरांची दलाली करणाऱ्या व्यावसायिकांना एक खरं घर दाखवलं, आत फिरू दिलं, आजूबाजूच्या व्यवहारांच्या कागदांचा गठ्ठा दिला. कागद सर्वांना सारखेच. बदलली ती फक्त मालकाने मागितलेली किंमत. दलालांचे अंदाज त्या किमतीमागे गेले. ज्यांनी आयुष्यात कधी घर विकलं नव्हतं अशा विद्यार्थ्यांचेही गेले. मागितलेल्या दोन किमतींत जेवढं अंतर ठेवलं होतं, त्याच्या ४८ टक्के अंतर विद्यार्थ्यांच्या अंदाजांत पडलं, आणि दलालांच्या अंदाजांत ४१ टक्के. मुरलेपणाची कमाई सात टक्के. खरा फरक बोलण्यात होता. विद्यार्थी मोकळेपणाने म्हणाले, हो, त्या किमतीचा आमच्यावर परिणाम झाला. दलाल म्हणाले, छे, आम्ही त्याकडे पाहतही नाही.

न्यायाच्या आवारात हेच दिसतं. जर्मनीत कायद्याच्या व्यवसायातल्या लोकांना दुकानातल्या चोरीचं एक प्रकरण वाचायला दिलं आणि शिक्षा सुचवण्याआधी फासे टाकायला लावले. फासे भारलेले होते. बेरीज तीन किंवा नऊच यायची. नऊ पडलेल्यांनी सरासरी आठ महिन्यांच्या घरात शिक्षा सुचवली, तीन पडलेल्यांनी पाच महिन्यांच्या. प्रकरण कागदावरचं होतं, समोर जिवंत आरोपी नव्हता, हे विसरू नये. तरी तीन महिने म्हणजे तीन महिने. नुकसानभरपाईच्या दाव्यांवर १९९६ साली ग्रेचेन चॅपमन आणि ब्रायन बोर्नस्टीन यांनी केलेला प्रयोग तर वाचताना हसू यावं असा आहे. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कर्करोग झाल्याचा दावा करणारी एक स्त्री. पुरावा सर्वांना एकच. मागणी मात्र कोणाला सांगितली शंभर डॉलर, कोणाला वीस हजार, कोणाला पन्नास लाख, कोणाला एक अब्ज. मंजूर झालेल्या रकमांची सरासरी अनुक्रमे हजाराच्या आत, ३६ हजारांच्या आसपास, ४ लाख ४० हजारांच्या आसपास आणि ४ लाख ९० हजारांच्या आसपास. एक अब्ज मागणाऱ्या बाईला कोणी दारातून परत पाठवलं नाही. ज्या बाईने संकोचून शंभर मागितले, तिला मात्र संकोचाची किंमत मोजावी लागली.

भारतातल्या न्यायालयांनी या दुखण्यावर एक उपाय काढला आहे. तो मानसशास्त्रासाठी काढलेला नाही, पण लागू पडतो. मोटार अपघातातल्या मृत्यूची भरपाई ठरवताना दावेदाराने किती मागितले, इथून सुरुवात करायची नाही. सरला वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली वयानुसार गुणकांचा तक्ताच घालून दिला. समजा, गेलेला माणूस ३२ वर्षांचा, महिन्याला २० हजार कमावणारा, मागे बायको आणि दोन मुलं. वर्षाचे २ लाख ४० हजार. अवलंबून असलेले तिघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा. उरले १ लाख ६० हजार. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. झाले २५ लाख ६० हजार. पुढे उत्पन्न वाढलं असतं त्याची भर आणि इतर बाबी वेगळ्या. दाव्याच्या अर्जात पाच लाख लिहिलेले असोत की एक कोटी, हिशेब याच वाटेने जायचा. अर्जातल्या रकमेपेक्षा जास्त भरपाई देता येते, हेही सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. गरीब दावेदाराला कमी मागायची सवय असते; ती सवय निकालात उतरू नये, यासाठी याहून चांगली तजवीज मला तरी माहीत नाही. अर्थात तक्ता हेही एक मापच. पण ते सर्वांना सारखं, उघड, आणि बाजू मांडण्याआधीच ठरलेलं आहे.

बाजारातली तऱ्हा उलटी. हापूसच्या हंगामात घाऊक फळबाजारात रुमालाखालचा सौदा पाहिलेले वाचक असतील. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगितला जातो, मान हलते, हात बाहेर येतो. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खरेदीदाराला मागचा भाव कळत नाही, त्यामुळे तो त्याच्या डोक्यात बसत नाही. या अंगाने ही पद्धत चतुर आहे. पण पेटी ज्याच्या बागेतली, त्यालाही भाव कळत नाही. पट्टी हातात पडेपर्यंत त्याच्याजवळ तुलनेला असतो तो मागच्या वर्षीचा आकडा किंवा शेजाऱ्याने सांगितलेला. माप लपवून ठेवणं हा उपाय होऊ शकतो, पण कोणापासून लपवलं, हे बघावं लागतं. नोकरीच्या मुलाखतीत ‘सध्याचा सीटीसी किती?’ हा प्रश्न पुण्या-बेंगळुरूत पाणी विचारल्यासारखा विचारला जातो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ च्या कायद्याने, नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारायला मनाई केली. उद्देश होता स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत मोडण्याचा. आधीच्या ठिकाणी जिला कमी मिळाले, तिच्या पुढच्या प्रत्येक पगाराची बोलणी त्या कमीपासूनच सुरू होतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता पुन्हा शेतात. आण्यांची पैसेवारी झाली, पण प्रश्नाची ठेवण फारशी बदलली नाही. महाराष्ट्रात खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरात जाहीर होते, सुधारित ऑक्टोबरअखेर, अंतिम डिसेंबरात. गावासाठी त्या पिकाचं एक प्रमाण उत्पन्न धरलेलं असतं. यंदाचं पीक त्याच्या किती पैसे, हे काढायचं. पन्नास पैशांच्या खाली गाव आलं तर जमीन महसुलात सूट, कृषी पंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा गोष्टींची वाट मोकळी होते. वर राहिलं तर नाही. या एका उंबरठ्यामुळे ४८ आणि ५२ यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढं ५२ आणि ९० यांच्यात नाही.

यात मापं दोन आहेत. एक पन्नासचं, ते सर्वांना दिसतं आणि त्यावर मोर्चे निघतात. दुसरं प्रमाण उत्पन्नाचं, ते कोणाला दिसत नाही. ते जुन्या चांगल्या वर्षांवरून धरलेलं आहे की पडत्या वर्षांवरून, यावर यंदाचं तेच पीक चाळीस पैसे ठरेल की साठ, हे अवलंबून असतं. आणि नजर पैसेवारी हा तर नावाप्रमाणेच नजरेचा अंदाज. पीक उभं असतं, कणसात दाणा किती भरेल हे ठरायचं असतं. तो आकडा एकदा गावाच्या नावापुढे बसला की पुढचे दोन्ही आकडे त्याच्याशी ताडूनच वाचले जातात: वाढली की घटली? पीक कापणी प्रयोगात ठरावीक मापाचा चौकोन आखून, कापून, मळून, वजन करतात. तो काटा नजर पैसेवारीला ओळखत नाही, ही त्याची मोठी लायकी. पण कोणता चौकोन नमुन्यादाखल घ्यावा, कोणता ‘हे काही खरं नव्हे’ म्हणून बाजूला ठेवावा, हे माणूस ठरवणार असेल तर तिथे सप्टेंबरातला आकडा त्याच्या खांद्यावरून डोकावणारच. नमुना आधीच चिठ्ठ्या टाकून निवडण्याचा आग्रह धरतात तो याचसाठी.

उपायांबद्दल फार आशा लावू नये. १९९६ साली टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आधीच बजावून ठेवलं होतं की दिलेल्या आकड्याचा तुमच्या उत्तरावर परिणाम होऊ शकतो, जपा. परिणाम झालाच. हे पुस्तक वाचून तुम्ही सुटाल, असं मी म्हणत नाही. त्यातल्या त्यात कामी येणारी गोष्ट जर्मनीतल्याच मोटार व्यवसायातल्या जाणकारांवरच्या, २००० सालच्या अभ्यासात दिसते. एक जुनी गाडी घेऊन माणूस यायचा आणि म्हणायचा, मला वाटतं हिचे २,८०० मार्क यावेत. किंवा, ५,००० यावेत. दोन प्रसंगी जाणकारांनी सांगितलेल्या किमतींत हजाराच्या आसपास मार्कांचा फरक पडला. पण माणसाने पुढे जोडलं की ‘माझा मित्र म्हणतो, ही किंमत चुकीची आहे, तुम्हाला तिच्या विरोधात काय दिसतं?’, तर तोच फरक सुमारे एक तृतीयांशावर आला. आकड्यावर नुसता संशय घेऊन भागत नाही. त्याच्या विरुद्ध बाजूचा पुरावा नावानिशी उच्चारावा लागतो. याने फरक घटतो, पुसला जात नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. पहिल्या भागात प्रयोगशाळा आहे, दुसऱ्यात बाजार आणि पगार, तिसऱ्यात न्यायालय, आणि चौथ्यात महसूल. सर्वांत मोठा चौथा आहे, कारण पैसेवारीवर राजकीय भाषणं पुष्कळ झाली, पण अंदाजाची क्रिया म्हणून तिच्याकडे फारसं पाहिलं गेलं नाही. घाईत असलेल्याने तिसरा आणि चौथा वाचून पहिल्याकडे यावं, काही बिघडत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक-दोन अंदाजाचे प्रश्न आहेत: कोयनेच्या जलाशयात किती पाणी मावतं, पंढरीच्या वाटेवर आळंदी किती किलोमीटर मागे राहते, अशा धर्तीचे. ते मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. ‘पेक्षा जास्त की कमी’ कुठेही नाही आणि उत्तर त्या पानावर नाही. पुढे वाचण्याआधी आपला अंदाज समासात पेन्सिलीने लिहावा, आणि घरात दुसरं कोणी तीच प्रत वाचणार असेल तर तो खोडून पुस्तक द्यावं.